पहिला देश कुठला घ्यायचा: उन्हाळी कार्यशाळेच्या नोंदी

9 मार्च 2025

वाचनालयाच्या समितीकडून आज होकार आला. मे महिन्यात वरच्या हॉलमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दुसऱ्या महायुद्धावर कार्यशाळा, अर्धा वेळ नकाशे-पुस्तकं आणि अर्धा वेळ 'हार्ट्स ऑफ आयर्न 4'. गेम 2016 ची आहे, स्वीडनच्या पॅराडॉक्सची, घड्याळ 1 जानेवारी 1936 ला सुरू होतं आणि जगातला जवळपास कुठलाही देश घेता येतो, आणि खरी गोची इथंच आहे. नवीन मुलगा स्क्रीनसमोर बसला की त्याला शंभर बटणं दिसतात आणि आधीच विचारलं जातं की देश निवडा. म्हणून पहिलं काम देश ठरवणं, बाकी सगळं त्यानंतर.

देश कसा निवडायचा याची माझी अट एकच, आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतोय. हरलो तर का हरलो हे मुलाला स्वतःला सांगता आलं पाहिजे. देश बलाढ्य आहे की दुबळा हा प्रश्न त्यानंतरचा.

14 मार्च

जर्मनी. ज्याला विचारावं तो हेच नाव घेतो, आतेभाऊ पण म्हणाला, अरे दादा जर्मनीच दे त्यांना, लगेच मजा येते. म्हणून त्यालाच बसवलं आणि मी शेजारी वही घेऊन बसलो.

मजा येते हे खरंच. ऱ्हाइनलँड, ऑस्ट्रिया, सुदेटनलँड, एकेक फोकस (देशानं हाती घेतलेलं राष्ट्रीय उद्दिष्ट) संपला की नकाशा आपोआप वाढतो, फॅक्टऱ्या आयत्या मिळतात, पोलंडवर सीमेवरून बाण ओढला की सैन्य चालायला लागतं आणि वॉर्सा पडतं. फ्रान्सही पडला. मी मध्येच पॉज करून विचारलं, तुझ्या टँक डिव्हिजनमध्ये काय काय आहे? त्याला माहीत नव्हतं. रोज किती रायफली बनतात? माहीत नव्हतं. काही बघावंच लागलं नव्हतं त्याला. मग 1941 चा जून आला, तो सोव्हिएत हद्दीत घुसला आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडेच सगळं सैन्य जागच्या जागी थबकलं. पुढं जाईना, मागं येईना, डिव्हिजनवर लाल खुणा, इंधन शून्याकडे, वरून ब्रिटिश विमानं, खाली पाणबुड्या, नॉर्वेत कुणी तरी उतरलेलं.

नेमकं कशामुळे अडलं ते मला दिसत होतं. ताब्यात आलेला रेल्वेमार्ग गेममध्ये लगेच कामाला येत नाही, तो बदलायला वेळ लागतो. खरोखरही तसंच होतं, जर्मन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर आणि सोव्हिएत रुळांमधलं 1524, म्हणजे एकेक मार्ग उखडून परत बसवायचा. मिरज जंक्शनला तिन्ही गेज बघितलेल्या माणसाला ही गोष्ट फार समजवावी लागत नाही. पण आतेभावाला एकाच वेळी दहा गोष्टी अंगावर आल्या, त्यातली कुठली मुळाशी आहे हे कळायला जागाच राहिली नाही. तो म्हणाला गेम अवघड आहे, आणि बंद केली. आधीची साडेपाच वर्षं त्याला काहीच शिकवत नव्हती आणि नंतरचे सहा महिने सगळं एकदम शिकवायला निघाले. जर्मनी बाद.

20 मार्च

इटली. गेमचं स्वतःचं ट्युटोरियल इटलीचंच आहे, त्यामुळे हा देश नीट तपासायचाच होता. सुरुवात होते तेव्हा इथिओपियाचं युद्ध चालूच असतं (खऱ्या इतिहासात ते 3 ऑक्टोबर 1935 ला सुरू झालं). उत्तरेला एरिट्रिया, आग्नेयेला सोमालीलँड, मध्ये डोंगर, आणि ठिकाण गाठायचंय आदिस अबाबा.

सप्लाय, म्हणजे रसद, शिकवायला याच्याइतकं चांगलं युद्ध या गेममध्ये दुसरं नसेल, हे मी आज पक्कं मानलं. सप्लायचा नकाशा लावला की सगळं उघडं पडतं. मसावा बंदर, तिथून अस्माराला चढणारी एकच रेल्वे, आणि त्यापुढं काही नाही. म्हणजे कच्चा रस्ता, खेचरं, ट्रक. सप्लाय हबपासून (जिथून रसद वाटली जाते) जितकं लांब जाल तितका माल कमी पोचतो. मी मुद्दाम उत्तरेच्या आघाडीवर जास्तीच्या डिव्हिजन आणून ठेवल्या तर सगळ्यांचीच उपासमार झाली, म्हणजे जास्त सैन्य आणल्यामुळे आघाडी कमकुवत! मग निम्म्या काढून मागं बंदरावर नेल्या, हबवर ट्रक लावले, आठवडाभर घड्याळ चालू दिलं आणि बाण पुन्हा हलायला लागला. हे दृश्य मुलांना दाखवायचंच. खरं युद्धही याच गोष्टीभोवती फिरलं, आधी इटलीचा सेनापती दे बोनो हळू चालतोय म्हणून त्याला बदलून बादोल्योला आणलं, त्यानं रस्ते आणि साठे करण्यात वेळ घालवला, शेवटच्या टप्प्यात ट्रकांची रांग घेऊन तो 5 मे 1936 ला आदिस अबाबात शिरला. सुएझ कालवा ब्रिटननं बंद केला नाही, ती एक गोष्ट झाली असती तर मसाव्याला माल पोचवणं फार अवघड झालं असतं.

पण मग पहिला देश म्हणून इटली का नको? कारण हे युद्ध संपलं की लगेच हातात येतं भूमध्य समुद्रातलं मोठं आरमार, लिबिया, पूर्व आफ्रिकेतलं तुटलेलं साम्राज्य ज्याच्याकडे जायचा रस्ता ब्रिटनच्या दारातून जातो, आणि स्पेनच्या यादवीत पाठवायची स्वयंसेवक तुकडी. नवीन मुलगा तिथं बुडतो.

आणि एक गोष्ट अशी आहे की ती नोंदवल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. त्या युद्धात इटलीनं विमानातून मोहरी वायू टाकला. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी 30 जून 1936 ला जिनिव्हात राष्ट्रसंघापुढं उभे राहून तेच सांगत होते. मुलांना पहिल्याच दिवशी त्या बाजूनं बसवून 'जिंका' म्हणायचं हे मला पटत नाही. इथिओपिया पंधरा मिनिटांचा डेमो म्हणून ठेवायचा, मी चालवीन, मुलं बघतील, आणि सप्लायच्या नकाशाशेजारी जिनिव्हाचं भाषण वाचायचं.

23 मार्च

ग्रंथपाल काकूंनी विचारलं, आपला भारत नाही का त्यात? आहे, ब्रिटिश राज म्हणून. लोकसंख्या प्रचंड आणि सैन्यात भरती होण्याजोगी माणसं मात्र थोडीच दाखवतात, कारखाने कमी, आणि दाराशी युद्ध येतं ते जपान ब्रह्मदेशात शिरल्यावर. म्हणजे मुलगा जवळपास सहा वर्षं नुसता बांधकाम करत बसणार. पहिला देश म्हणून नाही, पण शेवटच्या आठवड्यात इंफाळ-कोहिमा घ्यायचंच, 1944 चा मार्च ते जुलै, कारण ती पण सप्लायचीच लढाई आहे. मणिपुरातल्या सांगशाकला 50 व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची 4 थी बटालियन होती, इथल्या मुलांना हे नाव कानावरून गेलेलं असतं पण नकाशावर जागा कुणी दाखवलेली नसते.

30 मार्च

हंगेरी!

पूर्वी एकदा खेळलो होतो, काल रात्री परत उघडला आणि जाणवलं की माझ्या अटीत हाच बसतो. कारणं जशी सुचली तशी लिहितोय. समुद्र नाही, म्हणजे आरमाराचा अख्खा भाग झाकून ठेवता येतो. (देशाचा प्रमुख मात्र अ‍ॅडमिरल, मिक्लोश होर्टी, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातला, समुद्र गेला आणि पदवी राहिली. मुलांना हे लक्षात राहतं.) वसाहती नाहीत. सैन्य इतकं छोटं की एका जनरलखाली मावतं, एक जनरल 24 डिव्हिजन सांभाळतो आणि हंगेरीला बराच काळ तेवढ्याही करता येत नाहीत. सुरुवातीची तीन वर्षं अंगावर कुणी येत नाही, पण त्या तीन वर्षांत केलेली प्रत्येक गोष्ट पुढं दिसते. आणि जवळ जर्मनी आहे त्यामुळे चुकलं तरी खेळ लगेच संपत नाही.

देशाची मूळ तक्रार पण एका वाक्यात सांगता येते. पहिल्या महायुद्धानंतरचा, 4 जून 1920 चा ट्रियानॉनचा तह, दोन तृतीयांश भूभाग गेला, सैन्यावर 35,000 ची मर्यादा. गेममध्येही ती बंधनं सुरुवातीला असतात, माणसं पुरत नाहीत, आणि सगळा फोकसचा वृक्ष त्या तहातून बाहेर कसं पडायचं याच्याभोवती उभा आहे. मुलाला लगेच कळतं की हा देश काय मागतोय.

5 एप्रिल

भाचीला बसवलं. अकरावीची, युद्धाची गेम याआधी कधीच नाही, म्हणजे मला हवी तशी. तिला सांगितलं, स्पेसबार म्हणजे पॉज, वाटेल तेव्हा दाबायचा, वेग तीनच्या वर न्यायचा नाही.

पहिली अडचण राजकीय शक्तीची, म्हणजे निर्णयांवर खर्चायच्या गुणांची. रोज 2 मिळतात, त्यातला 1 चालू फोकस खातो, आणि एक सल्लागार नेमायला 150 लागतात. तिनं लगेच हिशोब केला की मामा, हे तर पाच महिन्यांचं झालं, मग कोण आधी? हाच प्रश्न हवा होता. आधी राजकीय शक्ती वाढवणारा सल्लागार, मग बांधकामाचा. 1938 च्या मध्यापर्यंत नागरी फॅक्टऱ्या (बांधकामाच्या), त्यानंतर लष्करी (शस्त्रांच्या). यावर लोक तासन् तास वाद घालतात, नवीन माणसाला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट उत्पादनाची, आणि इथं आम्ही बराच वेळ घालवला कारण सगळं युद्ध इथंच ठरतं. नवीन उत्पादन लाइन 10 टक्के कार्यक्षमतेनं सुरू होते आणि हळूहळू चढत सुरुवातीच्या काळात 50 पर्यंत जाते. म्हणजे आज रायफल, उद्या टँक, परवा तोफ असं करत राहिलं की सगळंच तळाला राहतं. तिनं तीन लाइन ठेवल्या, रायफली, तोफा, सपोर्ट साहित्य, आणि त्यांना हात लावला नाही. पोलाद कमी पडलं तर बाहेरून, एका नागरी फॅक्टरीच्या बदल्यात 8 युनिट येतात. बॉक्साइट हंगेरीत भरपूर, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची चिंता नाही, ते पुढं विमानांना.

टेम्प्लेट, म्हणजे डिव्हिजनचा साचा, एकच. पायदळाच्या 9 बटालियन, सोबत इंजिनिअर आणि सपोर्ट तोफखाना. पायदळाच्या एका बटालियनची रुंदी (लढाईत ती व्यापते ती जागा) 2, म्हणजे एकूण 18, ती बहुतेक भूभागात बरी बसते. एका बटालियनला 100 रायफली, म्हणजे एका डिव्हिजनला 900. तिनं आपणहून भागाकार केला, महिन्याला बनतात किती, डिव्हिजन उभ्या राहणार किती, आणि भरतीच्या रांगेतल्या अर्ध्या डिव्हिजन स्वतःच काढून टाकल्या. रिकाम्या हातांनी उभं सैन्य काय कामाचं म्हणाली. मला वाटतं कार्यशाळेत पहिल्या दिवशी एवढं एक गणित झालं तरी दिवस सार्थकी लागला.

12 एप्रिल

लढाईचा भाग. हा मुलांना पाठ करून चालणार नाही, दिसला पाहिजे, म्हणून तिला मुद्दाम एक सेव्ह (आधी साठवलेला डाव) उघडून दिली ज्यात शत्रू पूर्वेकडून तिसा नदीपर्यंत आलाय.

आकड्यांचं यंत्र असं आहे. प्रत्येक डिव्हिजनकडे हल्ल्याचे आकडे असतात आणि ते झेलायचे आकडे. बचाव करत असलात तर डिफेन्स, चाल करून जात असलात तर ब्रेकथ्रू. झेलायचे आकडे शिल्लक असेपर्यंत समोरच्याचा प्रत्येक फटका लागायची शक्यता 10 टक्के, संपले की 40 टक्के. पायदळाकडे डिफेन्स भरपूर आणि ब्रेकथ्रू अगदी थोडा. म्हणजे तीच डिव्हिजन, तीच माणसं, खंदकात बसली तर चिवट आणि उठून पुढं गेली तर चौपट मार खाते. नवीन खेळाडू सगळ्या आघाडीवर पायदळाचा बाण ओढतो आणि महिन्याभरात माणसं आणि रायफली दोन्ही संपतात, ते यामुळे.

भाचीनं आधी तेच केलं, नदी ओलांडून हल्ला. लढाईचा बुडबुडा लाल झाला. मी म्हटलं त्याच्यावर क्लिक कर आणि वाच. तिनं एकेक ओळ मोठ्यानं वाचली, नदी ओलांडण्याचा दंड, समोरच्यानं खणलेले खंदक, आपली डिफेन्स नाही तर ब्रेकथ्रूची पट्टी रिकामी. पॉज. हल्ला रद्द. मग तिनं तिसाच्या अलीकडच्या काठावर फॉलबॅक लाइन (मागं थांबून अडवायची रेषा) ओढली, डिव्हिजन तिथं बसू दिल्या, इंजिनिअर होतेच, खंदकाचा आकडा चढत गेला. शत्रूनं नदी ओलांडून तीनदा डोकं आपटलं, त्यांची ऑर्गनायझेशन (लढत राहायची ताकद) खाली आली, आणि तेव्हा कुठं तिनं दोन बाजूंच्या प्रांतांतून एकदम हल्ला केला. पुढं आलेल्या त्यांच्या दोन डिव्हिजन नदीच्या आतल्या वळणात कापल्या गेल्या, सप्लाय तुटला, चारेक दिवसांत नकाशावरून गेल्या. पळवून लावलेली डिव्हिजन परत येते, वेढलेली येत नाही. हे वाक्य मी बोललो नाही, तिनं वहीत लिहिलं.

डावपेचांचं पान आता सरळ झालं. नदी किंवा डोंगर बघून बसा, समोरच्याला थकू द्या, एकाच ठिकाणी दोन बाजूंनी हाणा, वेढा आणि मगच पुढं. टँक नंतर, अगदी थोडे, एकाच जागी. हंगेरीचा तोल्दी हलका आणि तुरान मध्यम, दोन्ही गेममध्ये आहेत, पण पहिल्या खेळात मी ते उघडूही देणार नाही.

18 एप्रिल

आज इतिहासाचं पान लिहिलं आणि ते डावपेचांच्या आधी छापायचं ठरवलं.

हंगेरी जर्मनीच्या बाजूनं लढला. गेममध्ये जमीन परत मिळते, 2 नोव्हेंबर 1938 ला व्हिएन्नाचा पहिला निवाडा, 30 ऑगस्ट 1940 ला दुसरा, नकाशा वाढतो आणि खेळणाऱ्याला बरं वाटतं. त्याची किंमत काय पडली ते गेम सांगत नाही. पंतप्रधान पाल तेलेकी, ज्यांनी डिसेंबर 1940 मध्ये युगोस्लाव्हियाशी चिरंतन मैत्रीचा करार केला, त्यांनी त्याच देशावर जर्मनीबरोबर चालून जायची वेळ आल्यावर 3 एप्रिल 1941 ला स्वतःला संपवलं. 1943 च्या जानेवारीत दुसरी हंगेरियन सेना डॉन नदीवर जवळपास नष्ट झाली, कडाक्याची थंडी, तोकडी शस्त्रं, लांबलचक आघाडी. ते मुलांना आकड्यांतूनच कळेल, 18 रुंदीच्या डिव्हिजन मैल मैल अंतरावर पसरल्या की काय होतं ते. आणि 1944 मध्ये, 15 मे ते 9 जुलै या आठ आठवड्यांत, हंगेरीतून सुमारे 4,37,000 ज्यूंना गाडीत घालून पाठवलं गेलं, बहुतेक सगळे आउशवित्झला. रेल्वे तीच. गेममध्ये जी रेल्वे आपण सप्लायसाठी पातळी वाढवत नेतो ती.

हे सांगितल्याशिवाय मी या देशाचं बटण कुणाला दाबू देणार नाही. समितीतल्या एका सरांचं म्हणणं पडलं की मुलांचा मूड जाईल. जाऊ दे. सतरा वर्षांची मुलं आहेत, त्यांना हे झेपतं.

26 एप्रिल

बारीकसारीक. 'हिस्टॉरिकल एआय' वर (बाकीचे देश इतिहासाप्रमाणे चालतात) टिक हवीच, नाहीतर जर्मनीत भलतंच काही होतं आणि मुलांचा पुस्तकातला नकाशा जुळत नाही. अवघडपणा 'रिक्रूट' या सोप्या पातळीवर. आयर्नमॅन बंद, कारण मागं जाऊन तीच लढाई परत बघता आली पाहिजे, तीच तर शिकण्याची जागा आहे. विमानं, फक्त फायटर, आपल्याच आकाशात, बाकी नाही.

हॉलमध्ये तीन कॉम्प्युटर चालतील, एकावर दोघं-तिघं. एकानं माउस धरायचा आणि दुसऱ्यानं वही, दर सहा महिन्यांच्या गेम-काळानंतर अदलाबदल. वहीत फक्त एवढंच, काय ठरवलं, का ठरवलं, काय झालं.

4 मे

पहिला दिवस झाला. आले अपेक्षेपेक्षा जास्त, मिलिटरी अपशिंगे या सातारा जिल्ह्यातल्या फौजींच्या गावचे दोघं होते. त्यातल्या एकानं नकाशावर इटली दिसताच सांगितलं की त्याचे पणजोबा तिकडं लढायला गेले होते. मग अर्धा तास हंगेरी बाजूला ठेवून इटलीचा नकाशा वर आणला. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, 10 जुलै 1944, वरचं टायबरचं खोरं, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर, माणगावला पुतळा आहे. नामदेव जाधव, तेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. गेमच्या भूभागाच्या नकाशात तो पट्टा डोंगर आणि नद्यांनी भरलेला दिसतो, आणि एका मुलीनं लगेच विचारलं, म्हणजे हे लोक नदी ओलांडून हल्ला करत होते का, दंड लागतो तोच? हो, तोच.

हंगेरीवर तिन्ही गट 1937 च्या मध्यापर्यंत पोचले. दोन गटांनी तीनच लाइन ठेवल्या. तिसऱ्यानं मी पाठ फिरवल्यावर टँक उघडला, रायफलीच्या लाइनमधल्या फॅक्टऱ्या तिकडं वळवल्या आणि आता त्यांच्या निम्म्या डिव्हिजन अर्ध्या रायफलींवर उभ्या आहेत. त्यांना थांबवलं नाही. वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'रायफली कमी, कारण लाइन बदलली'.

उद्यासाठी: इथिओपियाचा डेमो आधी, जिनिव्हाच्या भाषणाच्या प्रती काकूंकडून झेरॉक्स करून घ्यायच्या. सप्लायचा नकाशा प्रोजेक्टरवर नीट दिसत नाही, रंग फिके पडतात, पडदे लावून बघायचं. टँकवाल्या गटाची सेव्ह वेगळी ठेवायची, 1941 ला तिन्ही गटांच्या आघाड्या शेजारी शेजारी लावून बघणार आहोत.